मवाळ जनरलाचा शोध

"दोन वर्षं मिलिटरीकडं देऊन बघा की, सगळं कसं सरळ होतंय." बेळगाव भागात हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, चहाच्या टपरीवर ऐकू येतं, देवळाच्या कट्ट्यावर तर येतंच. बोलणारा माणूस वाईट नसतो. उताऱ्यावर नाव चढवायला त्यानं सहा खेपा घातलेल्या असतात, पहिल्याच पावसात रस्त्याचं डांबर वाहून गेलेलं पाहिलेलं असतं. आणि लष्कर म्हणजे त्याच्या लेखी कुणी परकं नसतं. थोरला भाऊ असतो, मेहुणा असतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर 1922 पासून बेळगावात आहे. पहाटे कॅम्पातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या रिक्रूटांच्या बुटांचा आवाज ऐकत इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. आमच्या गावात ज्या घरातून कुणीच पलटणीत गेलं नाही असं घर शोधावं लागेल.

परवा हेच वाक्य मला सुभेदार मामांच्या तोंडून ऐकायला मिळालं. मामा अठ्ठावीस वर्षांची नोकरी करून घरी आले. गावानं त्यांना फाट्यापासून उघड्या जीपमधून वाजतगाजत आणलं, आयाबायांनी दारोदार ओवाळलं. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर ओसरीवर आम्ही चौघे-पाचजण उरलो, तेव्हा गळ्यातला हार खुंटीला अडकवत ते म्हणाले, "तू शिकलेला हाईस न्हवं? सांग बघू, मिलिटरी आली तर काय वाईट होणार हाय?"

मी म्हटलं, "मामा, ब्रह्मदेशात, आताच्या म्यानमारमध्ये, असं एकदा देऊन बघितलंय."

"कुठं, मंडालेला? टिळकांच्या?"

"होय, तिथंच."

मंडाले आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लोकमान्य 1908 ते 1914 तिथल्या तुरुंगात होते, आणि सुटून आल्यावर दोनच वर्षांत, एप्रिल 1916 मध्ये, त्यांनी होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावात. माझ्या आजोबांसाठी तर तो देश म्हणजे तरुणपण. मराठा पलटणीची चौथी बटालियन मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या सांगशाक गावाच्या टेकडीवर जपान्यांपुढे उभी राहिली, त्यात ते होते. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आत बर्मा स्टार आणि एक गंजलेली घडीची चमची. आजोबा लढाईविषयी फारसं बोलायचे नाहीत. पण रेडिओवर रंगूनचं, म्हणजे आजच्या यांगूनचं, नाव आलं की हातातलं काम थांबवून ऐकायचे. ती सवय मला लागली. म्हणून गेली तीसेक वर्षं त्या देशातल्या जनरलांची भांडणं मी जमेल तशी वाचत आलो आहे. त्या वाचनातून माझं जे मत झालं, ते मामांना त्या रात्री नीट सांगता आलं नाही. ते इथे मांडतो.

मामांचं "दोन वर्षं" तिथे प्रत्यक्षात घडलं आहे. 4 जानेवारी 1948 ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. त्याच्या सहा महिने आधी, 19 जुलै 1947 ला, स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी आंग सान आणि त्यांचे सहकारी मंत्रिमंडळाच्या बैठकीतच गोळ्या घालून मारले गेले होते. पंतप्रधान झाले ऊ नू. दहा वर्षांत त्यांचा पक्ष आतून कुजला आणि 1958 मध्ये दुभंगला. एका गटानं स्वतःला 'स्वच्छ' म्हणवलं, दुसऱ्यानं 'स्थिर'. दोघांनाही आपापल्या बाजूला बंदूक हवी होती. कर्नलांनी दबाव आणला आणि ऊ नूंनी लष्करप्रमुख ने विन यांना सरकार चालवायला बोलावलं. सहा महिन्यांसाठी. त्याचे अठरा झाले. त्या अठरा महिन्यांत रंगूनचा कचरा उचलला गेला, झोपड्या हलवून नव्या वसाहती झाल्या, कचेऱ्यांत माणसं वेळेवर येऊ लागली. शब्द पाळून ने विननं 1960 मध्ये निवडणूकही घेतली. ऊ नू प्रचंड मतांनी परत निवडून आले आणि जगभर त्या जनरलाचं कौतुक झालं.

2 मार्च 1962 च्या पहाटे तो परत आला, तो 1988 पर्यंत राहिला.

या गोष्टीतलं मला जास्त बोचतं ते पहिलं पर्व. त्या अठरा महिन्यांत सैन्याच्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट कळली होती की राज्य आपल्याला चालवता येतं. ते ज्ञान परत घेता येत नाही. आणि दार उघडलं होतं राजकारण्यांनीच, आपापसातलं भांडण मतदारांकडे नेण्याऐवजी छावणीकडे नेऊन.

आता मुख्य मुद्दा. सत्ता एकदा जनरलांच्या हाती गेली की बाहेरचे लोक, म्हणजे पत्रकार, परराष्ट्र खाती आणि आपणही, एक खेळ सुरू करतो. कोण जहाल, कोण मवाळ हे हुडकण्याचा. दोन जनरलांत बिनसल्याची कुणकुण लागली की लिहून येतं की राजवटीला तडे गेले, मवाळ गट वर येतोय, आता लोकशाही दूर नाही. गेली साठ वर्षं ब्रह्मदेशात हे भाकीत दर काही वर्षांनी होतं आणि दर वेळी खोटं ठरतं.

जहाल आणि मवाळ हे शब्द आपल्या घरचे आहेत, म्हणून ते जपून वापरावेत. 1907 मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली ती स्वराज्य कसं मिळवायचं यावर. दोन्ही बाजूंना स्वराज्य हवं होतं. मार्गावरून खुर्च्या फेकल्या गेल्या, आणि 1916 मध्ये लखनौला तेच लोक पुन्हा एका मांडवात बसले. जनरलांच्या भांडणात असं काही सामायिक ध्येय शोधलं तर एकच सापडतं. सत्ता छावणीबाहेर जाता कामा नये. तिच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला लटकाव्यात, एवढाच वाद. अशा माणसाला मवाळ म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे, असं मी मनापासून मानतो.

सर्वांत चांगलं उदाहरण खिन न्युंट यांचं. ते सविस्तर सांगायला हवं, कारण अख्ख्या जगानं ज्यांच्यावर आशा ठेवली ते हेच.

1983 मध्ये ने विनच्या गुप्तचर खात्याचा प्रमुख डोईजड झाला म्हणून त्याला उचलून तुरुंगात टाकलं आणि त्याच्याबरोबर सबंध खातं खरवडून काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तर कोरियाच्या हस्तकांनी रंगूनच्या हुतात्मा स्मारकावर बाँब उडवला, भेटीला आलेल्या दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना मारण्यासाठी. अध्यक्ष वाचले, त्यांचे मंत्री मेले. डोळे-कान नसलेलं राज्य कसं असतं हे ने विनला तेव्हा कळलं आणि त्यानं ते खातं नव्यानं बांधायला खिन न्युंटना आणलं. पुढची वीस वर्षं त्या माणसानं देशातला प्रत्येक फोन, प्रत्येक चहाचं दुकान, प्रत्येक विद्यार्थ्यांचं वसतिगृह ऐकलं. 1988 चा उठाव चिरडल्यानंतर जी राजवट आली तिचे ते पहिले सचिव. 1990 च्या निवडणुकीत आंग सान यांच्या कन्या आंग सान सू ची यांच्या पक्षानं 485 पैकी 392 जागा जिंकल्या आणि तो निकाल गुंडाळून ठेवला गेला, तेव्हाही ते तिथेच होते. राजकीय कैद्यांचा छळ ज्या कोठड्यांत झाला त्या त्यांच्याच खात्याच्या.

मग ते मवाळ कसे ठरले? त्यांना परदेशी पाहुण्यांशी बोलता यायचं, एवढंच खरं कारण. सीमेवरच्या डझनावारी सशस्त्र गटांशी 1989 पासून त्यांनी युद्धबंदी केली, चीनशी आणि आग्नेय आशियातल्या देशांशी दुवा जोडला. ऑगस्ट 2003 मध्ये पंतप्रधान झाल्याबरोबर त्यांनी लोकशाहीकडे जाण्याचा सात टप्प्यांचा आराखडा जाहीर केला. त्यांच्यासमोर होते माँग आय, भूदलाचे प्रमुख. लष्करी प्रबोधिनीच्या पहिल्या तुकडीतले, सीमेवर पलटणी हाकलेले, कमी बोलणारे. एका बाजूला हेर, दुसऱ्या बाजूला लढवय्ये. मैदानावरच्या कमांडरांना या हेरांचा राग होता, कारण ज्यानं कधी खंदक पाहिला नाही तो आपली फाईल ठेवतो. दोघांच्या वर राजवटीचा प्रमुख थान श्वे, दोघांना एकमेकांविरुद्ध झुंजवत बसलेला.

आणि ठिणगी कुठे पडली? लोकशाहीच्या मुद्द्यावर मुळीच नाही. चीनच्या सीमेवर म्यूसे नावाचं नाक्याचं गाव आहे. तिथल्या व्यापारावर गुप्तचर खात्याची माणसं गब्बर झाली होती. सप्टेंबर 2004 मध्ये तिथे छापे पडले, पैसा आणि माल सापडला. महिन्याभरात, ऑक्टोबरात, खिन न्युंटना अटक झाली. सरकारी निवेदनात लिहिलं होतं की प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना निवृत्तीची परवानगी देण्यात आली आहे. पुढच्या वर्षी 44 वर्षांची शिक्षा, ती स्थगित करून नजरकैद. खातं पुन्हा एकदा मुळासकट उपटलं गेलं.

इथे वाचकानं थांबून पाहावं. आराखडा करणारा गेला, पण आराखडा राहिला. ज्यांनी त्याला उचललं त्यांनीच त्याचे सातही टप्पे पार पाडले. मे 2008 मध्ये नर्गिस वादळानं इरावतीच्या मुखाशी लाखाहून अधिक माणसं नेली. प्रेतं पाण्यावर तरंगत असताना जनरलांनी घटनेवर सार्वमत घेतलं आणि 92 टक्के लोकांनी होकार दिला असं जाहीर केलं. त्या घटनेत संसदेच्या 25 टक्के जागा गणवेशधाऱ्यांना. घटना बदलायची तर 75 टक्क्यांहून जास्त मतं हवीत. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सरसेनापतीनं नेमलेल्या माणसांकडे. म्हणजे 'मवाळ' जनरलाचा रस्ता आणि 'जहाल' जनरलाचा रस्ता एकच होता. भांडण फक्त गाडी कोण चालवणार याचं.

हे असं का होतं? माझ्या समजुतीप्रमाणे याचं मूळ विचारांत नाही, पोटात आहे. 1990 मध्ये लष्करानं स्वतःची एक अवाढव्य कंपनी काढली, 1997 मध्ये दुसरी. बिअर, सिगरेट, बँक, जेड आणि माणकांच्या खाणी, बंदरं, काय नाही त्यांत? पलटणींच्या नावानं भागभांडवल. शिवाय 1990 च्या दशकात प्रादेशिक कमांडना सांगण्यात आलं की आपापल्या भागात आपापलं भागवा. ज्या कमांडरच्या हाती सीमेचा नाका आणि लाकडाचे परवाने, तो श्रीमंत. त्याच्या हाताखालचे पन्नास अधिकारी त्याच्यामुळे श्रीमंत. गट बनतो तो असा. प्रबोधिनीतली तुकडी, एकत्र केलेली नोकरी, बायकांची मैत्री, आणि मधोमध नाका. 1997 मध्ये राजवटीनं नाव बदललं तेव्हा जे मंत्री भ्रष्टाचाराचं कारण देऊन घरी बसवले ते इतरांपेक्षा जास्त भ्रष्ट होते म्हणून नव्हे, तर त्यांची बाजू कमकुवत झाली होती म्हणून. ऑक्टोबर 2023 मध्येही तेच झालं. आजच्या राजवटीतले मोए म्यिंट टुन, जे पुढचे सरसेनापती समजले जात होते, ते परवान्यांच्या लाचेवरून जन्मठेपेत गेले.

सैन्यात गट नसतात असं मामांना वाटतं. त्यांच्या सैन्यात कमी असतील, कारण त्यांच्या कर्नलाच्या हाती नाका नव्हता. बदली, बढती, पगार, पेन्शन, सगळं कागदावर, आणि कागद शेवटी निवडून आलेल्या मंत्र्याच्या टेबलावर. ती शिस्त म्हणजे जवानांच्या रक्तातला गुण, असं आपण भाषणात म्हणतो. पण रक्तानं मराठा आणि बर्मी जवान वेगळे नाहीत. आजोबा सांगायचे, बर्मी शिपाई भुकेल्या पोटी दोन दिवस चालायचा. फरक व्यवस्थेनं केला. ती व्यवस्था काढून घ्या आणि आमच्याच पोरांना वीस वर्षं नाक्यावर बसवा, मग काय होईल याची मला खात्री नाही, आणि तो प्रयोग कुणी करू नये.

यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. 2011 नंतर ब्रह्मदेश खरोखर उघडला होता. कैदी सुटले, वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली. तेव्हाही दोन माजी जनरलांत चुरस होती. थेन सेन राष्ट्राध्यक्ष, श्वे मान लोकसभेसारख्या सभागृहाचे सभापती. श्वे मान हुद्द्यानं वरचे होते, राष्ट्राध्यक्षपद त्यांचं हुकलं, म्हणून त्यांनी सभागृहाचं वजन वाढवलं आणि संसदेत कधी नव्हे ती खरी चर्चा सुरू झाली. मग फुटीतून फट पडली की नाही?

पडली. मी ते मान्य करतो. पण ती कुठवर रुंद झाली ते पाहा. श्वे मान सू चींच्या जवळ गेले, घटनादुरुस्तीसाठी लागणारं मतांचं प्रमाण किंचित कमी करायला अनुकूल झाले. जून 2015 मध्ये गणवेशातल्या खासदारांनी तो ठराव पाडला. ऑगस्टमध्ये एका रात्री राजधानीतल्या पक्ष कार्यालयाला पोलिसांचा वेढा पडला आणि पहाटेपर्यंत श्वे मान पक्षाध्यक्ष राहिले नव्हते. ज्या क्षणी एका गटानं किल्लीला हात लावला, त्या क्षणी बाकी सारे एक झाले.

सू चींनीही या फटीवर भिस्त ठेवली. नोव्हेंबर 2015 ला त्यांचा पक्ष प्रचंड बहुमतानं जिंकला. घटनेतून वाट काढून त्यांच्यासाठी 'राज्य सल्लागार' हे पद सुचवणारे वकील को नी यांना जानेवारी 2017 मध्ये यांगूनच्या विमानतळाबाहेर, नातू कडेवर असताना, डोक्यात गोळी घालून मारण्यात आलं. तरीही जनरलांशी जुळवून घेणं थांबलं नाही. त्याच वर्षी सात लाखांवर रोहिंग्या गावं जळताना मागे टाकून बांगलादेशात गेले आणि डिसेंबर 2019 मध्ये सू ची हेगच्या न्यायालयात लष्कराच्या बाजूनं उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयी मला आदर होता. दिल्लीच्या कॉलेजात शिकलेली, वडिलांचं नाव लावून पंधरा वर्षं कैद सोसलेली ती बाई. पण ते भाषण मी विसरू शकत नाही. ज्यांच्यासाठी त्या बोलल्या त्यांनीच सव्वा वर्षात त्यांना पहाटे घरातून उचललं. नोव्हेंबर 2020 ला 476 पैकी 396 जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या होत्या, लष्कराच्या पक्षाला 33. सरसेनापती मिन आँग ह्लाइंग जुलै 2021 मध्ये 65 वर्षांचे होऊन निवृत्त होणार होते. 1 फेब्रुवारीला उठाव झाला आणि निवृत्तीचा प्रश्न मिटला.

दुसरा आक्षेप आमच्या जास्त जवळचा. चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त करायला गेलेलं सैन्य बेळगावात जमलं होतं, हे सांगणारी म्हातारी माणसं आमच्याकडे होती. लिस्बनहून हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. तिथले गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी माणसं मरू दिली नाहीत, शरणागती पत्करली आणि त्याबद्दल सैन्यातून बडतर्फी ओढवून घेतली. त्याच पोर्तुगालमध्ये 25 एप्रिल 1974 ला लष्करातल्या तरुण कॅप्टनांनी आपल्याच राजवटीविरुद्ध रणगाडे आणले आणि लोकशाही आली. म्हणजे लष्करातली फूट उपयोगी पडते की.

पडते. पण तिथे काय वेगळं होतं? त्या कॅप्टनांना अंगोला, मोझांबिक आणि गिनीतली न संपणारी लढाई थांबवायची होती. त्यांना सत्तेपेक्षा घरी परतायची घाई होती. लोक त्याच सकाळी रस्त्यावर आले आणि बंदुकांच्या नळीत फुलं खोवली. आणि बरोबर एक वर्षानं, 25 एप्रिल 1975 ला, मतदान झालं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. त्यानंतरही अधिकाऱ्यांचे गट भांडत राहिले, नोव्हेंबरात तर यादवी होते की काय अशी वेळ आली, आणि अधिकाऱ्यांची क्रांती परिषद 1982 पर्यंत घटनेवर बसून होती. पण प्रत्येक भांडणात आता एक मोजपट्टी होती, एप्रिलमध्ये कुणाला किती मतं पडली याची. त्या मोजपट्टीनं भांडण मिटवलं.

ती मोजपट्टी नसेल तर काय होतं ते सुदाननं दाखवलं. एप्रिल 2019 मध्ये लोकांनी तिथला हुकूमशहा बशीरला घालवलं. ऑक्टोबर 2021 मध्ये सेनापती बुरहान आणि निमलष्करी दलाचा म्होरक्या हेमेदती यांनी मिळून नागरी सरकार मोडलं, तेव्हा दोघे एक होते. मग हेमेदतीचं दल सैन्यात किती वर्षांत विलीन करायचं यावर अडलं. एक म्हणे दोन, दुसरा म्हणे दहा. 15 एप्रिल 2023 ला खार्टुमच्या रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला. शहर उद्ध्वस्त झालं, एक कोटीहून जास्त माणसं घरादाराला मुकली. त्या दोघांतही लोक मवाळ शोधत होते.

आमच्याकडे गट पडत नाहीत असं नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे सांगायची गरजच नाही. एकीकरण समितीत जी फूट पडली, तिनं जी घरं दुभंगली, ती आम्ही रोज पाहतो. 2013 ला समितीचे दोन आमदार होते, 2018 ला एकही नाही. त्या निकालाच्या दिवशी आमच्या गल्लीत चूल पेटली नाही असं घर मला ठाऊक आहे. पण ती शिक्षा दिली कुणी? मतदारानं. कुणी कुणाला नजरकैदेत टाकलं नाही, कुणाचे नातू पकडले नाहीत. ने विनचे मात्र पकडले होते. 2002 मध्ये थान श्वेच्या माणसांनी उठावाच्या आरोपावरून त्याचा जावई आणि तीन नातू आत टाकले आणि ज्यानं हे सारं यंत्र उभं केलं तो म्हातारा त्याच वर्षी डिसेंबरात स्वतःच्या घरात कैदी म्हणून मेला.

मला याहून गंभीर वाटतं ते दिल्लीचं वागणं. खिन न्युंटच्या अटकेनंतर आठवडाभरात थान श्वे भारताच्या दौऱ्यावर आला आणि त्याला पायघड्या घातल्या गेल्या. ज्या देशानं 1990 च्या दशकात सू चींना नेहरू पुरस्कार दिला होता, त्याच देशानं. कारणं ठरलेली. ईशान्येतले बंडखोर, चीनचा शिरकाव, बंदर, रस्ता. मी ती कारणं खोटी म्हणत नाही. पण हिशेब तरी बरोबर निघाला का? तिथल्या बंदरापासून मिझोरमपर्यंत वाट काढणाऱ्या कलादन प्रकल्पाचा करार 2008 चा. आज त्या रस्त्यावरचं पलेटवा जानेवारी 2024 पासून राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आराकान आर्मीच्या ताब्यात आहे आणि राजधानी नेपिडोतल्या जनरलाचा शिक्का तिथे चालत नाही. 'आपला' जनरल धरून ठेवण्याचं धोरण व्यवहाराच्या कसोटीवरही हरलं.

मिझोरमनं मात्र वेगळं केलं. 2021 नंतर ब्रह्मदेशाच्या डोंगरातल्या चिन जमातीची हजारो कुटुंबं सीमेवरची तियाऊ नदी ओलांडून आली. केंद्राकडून अडवण्याच्या सूचना असताना तिथल्या चर्चनी, गावसमित्यांनी आणि सरकारनं त्यांना जागा दिली, पोरांना शाळेत घेतलं. जनरलांच्या भांडणावर नजर ठेवण्यापेक्षा हे काम जास्त मोलाचं आहे, कारण उद्याचा ब्रह्मदेश त्या शाळांत बसला आहे. भारतानं निर्वासितांना कागद द्यावेत, त्या तरुणांना आपल्या विद्यापीठांत जागा द्याव्यात आणि सीमेपलीकडे ज्यांच्या हाती प्रत्यक्ष कारभार आहे त्यांच्याशी उघडपणे बोलावं.

कारण तिथला खरा प्रश्न जनरलांत फूट आहे का हा नाही. ती नेहमीच असते. जानेवारी 2024 मध्ये पिन ऊ ल्विनला, लष्करी प्रबोधिनीच्या गावात, लष्कराच्याच बाजूच्या एका भिक्षूनं भर सभेत सांगितलं की मिन आँग ह्लाइंगनं आता बाजूला होऊन उपप्रमुखाला जागा द्यावी. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच महिन्यात सक्तीची लष्करभरती लागू झाली आणि पोरं देश सोडून पळाली. ऑगस्ट 2024 मध्ये उत्तरेतलं लाशियो शहर बंडखोरांच्या हाती पडलं, इतिहासात प्रथमच एका प्रादेशिक कमांडचं मुख्यालय गेलं, तरी राजवट उभी राहिली. डिसेंबर 2025 पासून टप्प्याटप्प्यानं निवडणूकही उरकली, सू चींचा पक्ष आधीच विसर्जित करून, त्या तुरुंगात असताना, लढाईच्या कित्येक टाउनशिप वगळून. या निवडणुकीच्या सभागृहातही गट पडतील आणि पुन्हा कुणीतरी त्यांतला मवाळ शोधून काढेल.

खरा प्रश्न समोरच्या बाजूचा आहे. ती एक होऊ शकते का? 12 फेब्रुवारी 1947 ला पांगलाँगला आंग साननं शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांना शब्द दिला होता की तुमचा कारभार तुमच्याकडे राहील. तो पाळला गेला नाही. 1962 मध्ये शान पुढारी संघराज्याची चर्चा करायला रंगूनला जमले होते, त्यांनाच ने विननं पकडलं आणि देश फुटत होता म्हणून मी आलो असं सांगितलं. आपल्या भाषेत, आपल्या भूमीवर, आपल्या माणसांचा कारभार मागणं म्हणजे देश फोडणं नव्हे, हे बेळगावकराला दुसऱ्यानं शिकवायला नको. आमचं दुःख मी त्यांच्या दुःखाशी तोलत नाही. सीमाभागाचा आमचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यांच्या गावांवर विमानातून बाँब पडतात. पण बर्मी पुढाऱ्यांनी ही मागणी मनापासून मान्य केल्याशिवाय डोंगरातल्या गटांचा विश्वास बसणार नाही, आणि तो बसल्याशिवाय जनरल हलणार नाहीत, त्यांच्यात कितीही बेबनाव असो. चीनच्या दडपणाखाली लाशियो एप्रिल 2025 मध्ये परत गेलं, कारण ज्यांनी ते जिंकलं त्यांना बाकीच्यांशी बांधणारं काही नव्हतं.

यातलं बरंचसं मी मामांना त्या रात्री तुटक तुटक सांगितलं. ते ऐकत होते. मामी मध्येच चहा ठेवून गेली. खिन न्युंट सुटल्यावर यांगूनमध्ये कलादालन आणि कॉफीचं दुकान काढून बसला, गिऱ्हाईकं त्याच्याबरोबर फोटो काढून घेत, हे मी सांगितलं तेव्हा मामांची मान नकळत हलली. "ज्यांना छळलं त्यांच्यातलं कोण कॉफी प्यायला गेलं असंल काय?" त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं ते उठले, आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आले. ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत नाव घालायचा अर्ज. "अठ्ठावीस वर्षं टपालानं मत दिलं बघ," ते म्हणाले. "लेह असो नाहीतर तेजपूर. पोच पावती कधी आलीच न्हाई, पण देत होतो. आता हितं रांगेत उभारायचं हाय. ह्यो भर की जरा, मला बारीक अक्षर दिसत न्हाई." मी खिशातलं पेन काढलं आणि बल्बखाली सरकून बसलो.